अडतीस टक्क्यांनी पास

केनवड, ता. रिसोड
२ फेब्रुवारी २०२४

सपना, जयभीम.

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच की आई बऱ्या आहेत आणि तुझे दादाही बरे आहेत. आता फाडलंस तरी चालेल. तू माझा नंबर बंद केलास, ह्यांचाही केलास. मग आठवलं की पोस्टमन अजून गावात येतो आणि पत्राला कोणी ब्लॉक करू शकत नाही. तू आईंना स्वेटर पाठवलं होतंस, त्या पार्सलवरचा नाशिकचा पत्ता मी कापून शिलाई मशीनच्या खणात ठेवला होता. नणंदेचा पत्ता जपणारी वहिनी काही अगदीच वाईट नसते, असं मी स्वतःला सांगते.

कळवायचं ते असं, की ह्यांची पुन्हा तपासणी व्हावी म्हणून अर्ज केला. सेतूवाल्या गोविंदसिंग भाऊंनी भरून दिला. किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाले, "वहिनी, मेसेज येईन. दोन महिन्यात येईन, नाही तर सहा महिन्यात येईन. माह्या हातात रायलं असतं तर आजच देला असता." चाळीस टक्क्यांच्या वर अपंगत्व लिहून आलं तर निराधार योजनेचा महिन्याचा पगार लागेल, एसटीला सवलत मिळेल. खाली राहिलं तर काही नाही. माझ्या ब्लाउजांवर घर किती दिवस चालतं ते तुला माहीत आहे.

तू तेव्हा इथेच होतीस, तुला सगळं ठाऊक आहे. तरी पहिल्या तपासणीचा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. विजेच्या डीपीवर फ्यूज टाकायला सगळा गाव ह्यांनाच बोलवायचा आणि हेही बोलावण्याची वाट पाहत असल्यासारखे जायचे. ते त्या डीपीवरून पडले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. एक नोकरी सोडून दुसरी धरायच्या मधले अडीच महिने तू इथे काढलेस. रोज सकाळी अंगणात तुझा आवाज, "टाच टेकव दादा. आधी टाच, मंग बोटं." वाशीमला अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं ठरलं तेव्हा तूच ह्यांची तयारी करून घेतलीस. मी शर्टाला इस्त्री केली. आईंनी कपाळावरून हात फिरवून सांगितलं, "भेऊ नको बाप्पा, येते तेवढं करून दाखवजो." आणि ह्यांनी दाखवलं की. काठी बाजूला ठेवून अकरा पावलं चालून दाखवली. डॉक्टर "छान" म्हणाले, तेव्हा दाराशी उभ्या आपण दोघी कशा लाजलो होतो. तपासणी म्हणजे परीक्षाच, असं आपल्या सगळ्यांना वाटलं. तुलासुद्धा, नर्स असून.

कागद आला, अडतीस टक्के. आई म्हणाल्या, "पास कितीले असते?" मी म्हटलं, पस्तीसला. "मंग झाला न पास. दहावीलेबी अडतीसच होते याले." शेजारच्या मोतीबाईच्या घरी साखर देऊन आल्या. गोविंदसिंग भाऊंनी कागद पाहून डोक्याला हात लावला तेव्हा आपल्याला कळलं की इथे जास्त चालणारा नापास होतो.

त्या संध्याकाळी मी तुला जे बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही. तुझं पाठ झालं असेल.

दादांचा व्यायाम चालू आहे. काळजी करू नकोस.

तुझी वहिनी
पौर्णिमा


१९ एप्रिल २०२४

सपना, जयभीम.

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून कागद दोनदा उलटून पाहिला, पुठ्ठाही उसवला. नव्हती. पाऊल सरळ धरून ठेवायचा पांढरा साचा आणि व्यायामाच्या चित्रांचा कागद. वर नाव 'विनोद देवमन', एवढंच. मामंजींचं नाव घातलंस, माझं टाळलंस. ठीक आहे.

साचा पायाला बरोबर बसतो. रोज घालतात.

अर्जाचं विचारशील तर 'प्रलंबित' असं येतं. दर सोमवारी मी सेतूवर जाते, गोविंदसिंग भाऊ मला पाहिलं की विचारायच्या आधीच मान हलवतात. मागच्या सोमवारी तर लांबूनच हलवली, मी अर्ध्या रस्त्यातून परत आले.

एक गोष्ट सांगते. पुढच्या गल्लीतल्या ललिताबाईचा पगार बंद झाला. कोणीतरी तहसीलला निनावी अर्ज केला की बाई शेतात जाते, निंदण करते. चौकशीला माणूस आला तेव्हा ती खरंच शेताच्या धुऱ्यावर उभी होती. कोणी केला अर्ज, अजून कळलं नाही. आपल्याच गल्लीतला असेल, शेजारच्या घरातलाही असेल. तेव्हापासून दारावरून कोणी गेलं की माझं मशीन आपोआप थांबतं. परवा मोटरसायकलवर एक माणूस आला, हातात मोबाइल, घरांचे नंबर विचारत होता. मी धावत आत जाऊन ह्यांना खाटेवर आडवं केलं आणि अंगावर गोधडी टाकली. एप्रिलच्या उन्हात गोधडी. तो नळाच्या जोडण्या मोजायला आलेला निघाला. तो गेल्यावर हे गोधडीखालून म्हणाले, "काढू का आता? शिजून राह्यलो मी." आम्ही दोघं हसलो. खूप दिवसांनी हसलो, म्हणून तुला सांगितलं.

जयंतीचं मात्र सांगावंसं वाटत नाही, पण सांगते. दरवर्षी मिरवणुकीच्या गाडीची लाइटिंग ह्यांची असायची. या वर्षी रिसोडहून माणूस आणला होता. आपल्या दारासमोर गाडी आली आणि अर्धी माळ बंद पडली. हे आतून ओरडत होते, "जॉइंट ढिला हाय, डाव्या बाजूले पाहा." मग म्हणाले, प्रतिमा दारात आली आहे, मी उभा राहून नमस्कार करतो. चौकटीला धरून अर्धे उठलेही. बाहेर शंभर मोबाइल वर झालेले, सगळे व्हिडिओ काढत होते. मी त्यांचा शर्ट मागून धरला आणि खाली ओढलं.

शर्टाची शिवण उसवली. ह्यांनी बसूनच हात जोडले. मी नंतर शिवण घातली.

पौर्णिमा


२६ ऑगस्ट २०२४

सपना,

आठ तारखेला वाशीमला बोलावलं होतं. सकाळच्या एसटीने गेलो. कंडक्टरने आणि आणखी दोघांनी ह्यांना उचलून चढवलं. तीन तास रांगेत बसलो, मग कळलं की हाडाचे डॉक्टर बदलून गेले, नवे आले की पुन्हा मेसेज येईल. रांगेत दोन्ही पायांनी अधू असलेली एक म्हातारी होती, शिरपूरकडची. तिची ही चौथी खेप. ती मला म्हणाली, "बाई, इथं येऊन येऊनच पाय गेले माहे." सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी तिचे पाय पाहत होते, आमच्यापेक्षा तिला किती टक्के जास्त मिळतील याचा हिशोब करत होते. माणूस असं होतं बघ.

आता जे सांगते त्याने घाबरू नकोस, आई बऱ्या आहेत. मागच्या मंगळवारी मी ब्लाउज द्यायला गेले होते. आई मोरीत घसरून पडल्या, नळाच्या चबुतऱ्यावर डोकं आपटलं. मी परत आले तर आई ओसरीवर बसलेल्या, डोक्याला ओला फडका, आणि हे त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभे. उभे, सपना. खाटेपासून मोरीपर्यंत आठ पावलं आहेत. काठी नाही, काही नाही. उजव्या हाताने आईंना काखेत धरून ओसरीवर आणलं होतं.

आई म्हणाल्या, "मायलेकराचं बळ बाई हे."

आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "कोणी पाह्यलं का?"

आईंच्या डोक्यातून रक्त येत होतं आणि मी दाराकडे पाहत होते. दारात मोतीबाई उभी होती. आवाज ऐकून आली होती, तिने सगळं पाहिलं होतं. मी तिला हळद मागितली, घरात असताना. ती गेली, आणि मी ह्यांच्यावर तुटून पडले. म्हटलं, आठ पावलांसाठी आठ महिन्यांची वाट पाहणं मातीत घालवलं तुमी. हाक मारायची होती, लोक आले असते. ते म्हणाले, "माय पडली होती न व."

संध्याकाळी मी मोतीबाईकडे गेले, गोडधोड घेऊन. काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "कायले भेते पोरी. म्या काई पायलं नाई."

सगळं पाहिलं असं ती म्हणाली असती तर मी हात जोडले असते. काही पाहिलंच नाही म्हणाली, तेव्हापासून मी तिच्या दारावरून जायचं टाळते. तिला कसं कळलं की न पाहण्यासारखं काहीतरी आहे? माझ्या तोंडावर लिहिलं आहे का?

मला भीती वाटते, सपना. पगार मिळणार नाही याची वाटायची, ती आता मागे पडली. आता सगळ्यांचीच वाटते. डोळे असलेल्या प्रत्येकाची.

तुझं उत्तर येत नाही. कधी वाटतं, बरं आहे, तूही काही पाहिलं नाहीस.

पौर्णिमा


१२ डिसेंबर २०२४

सपना,

मागच्या पत्रांत मी तीन खोट्या ओळी लिहिल्या आहेत. व्यायाम चालू आहे, ही पहिली. साचा रोज घालतात, ही दुसरी. तिसरी, तुझे दादा बरे आहेत.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वॉकर माळ्यावर टाकला. त्या संध्याकाळी मी तुला म्हणाले होते, "तुझ्या हातानं माझा नवरा पास झाला आणि माझं घर नापास झालं. परत त्याच्या पायाला हात लावायचा नाही." आणि तू म्हणालीस, "वहिनी, तू त्याले खाटेवर ठेवशील तर तो खाटेचाच होईन." तेवढ्यावरून मी तुला घराबाहेर काढलं. तू खरं बोललीस म्हणून काढलं, हे मला त्याच वेळी ठाऊक होतं.

साचा आला तो पिशवीतून काढलासुद्धा नाही. त्याने पाय सरळ राहिला असता ना. सरळ पायाला टक्के कमी मिळतात. तो चित्रांचा कागद ह्यांनी मागितला, मी सांगितलं की उंदरांनी खाल्ला.

सुरुवातीला ते माझ्याशी भांडायचे. मी कामाला गेले की गपचूप उठायचे, मला खाटेच्या पायाशी धूळ पुसलेली दिसायची. आई त्यांना सामील होत्या. मोरीच्या प्रसंगानंतर मी एकदा रडले. म्हटलं, तारीख येईपर्यंत फक्त. मग तुम्ही गावभर फिरा, मी आडवी येणार नाही. तेव्हापासून त्यांनी माझं ऐकलं. इतकं ऐकलं की आता मला सांगावं लागत नाही. फाटक वाजलं की आडवे होतात. परवा मांजराने डबा पाडला तर बसल्याजागी कलंडले आणि डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, अवं, मांजर होतं. तरी बराच वेळ उठले नाहीत.

मी तुझ्यासारखी शिकलेली नाही, पण कापडाचं मला कळतं. घडी करून ठेवलेलं कापड वर्षभराने उघडलं की घडीची रेघ इस्त्रीनेही जात नाही. डाव्या पायाचं पाऊल आता खाली वळलेलं असतं, झोपेतसुद्धा. मी हाताने वर करून पाहिलं. येत नाही. दुखतं म्हणाले.

बोर्डाचा मेसेज यायचाच आहे. नवे डॉक्टर आले आहेत म्हणे. आता इतकं केल्यावर मागे कशी फिरू? थोडेच दिवस राहिले असतील तर? आणि आज वॉकर काढला आणि उद्या चौकशीला माणूस आला तर? तू सांग. नाही, नको सांगूस. तू काय सांगशील ते मला माहीत आहे.

पौर्णिमा


२१ मार्च २०२५

सपना,

तीन तारखेला बोर्ड झालं. डॉक्टर बाई होत्या, वयाने तुझ्याएवढ्या. "काका, उठून दाखवा" म्हणाल्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, थोडंसं करा, जास्त नको. ते उठायला लागले, डावा पाय घसरला, मी आणि शिपाई दोघांनी धरलं म्हणून पडले नाहीत. कपाळावर घाम आला होता. ओठ पांढरे पडले होते. आणि मी मनात काय म्हटलं ते तुला सांगितलंच पाहिजे. मी म्हटलं, शाबास, काय छान करता.

बाईंनी पाऊल हातात घेऊन वर दाबलं. घोट्याला पट्टी लावून मोजलं. मग मला विचारलं, "पायाला साचा द्यायला कुणी सांगितलं नव्हतं का?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान खाली घालून लिहिलं.

काल कागद आला. बासष्ट टक्के. आईंनी दोनदा वाचायला लावलं. म्हणाल्या, "साठच्या वर म्हंजे फस्टक्लास न व? याच्या बापालेबी नाई भेटला कधी." या वेळी त्या साखर द्यायला मात्र गेल्या नाहीत. कागदाकडे पाहत बसल्या, मग चष्मा काढून ठेवला. खाली लिहिलं आहे, तात्पुरते, तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

मी दार लावलं. स्टुलावर चढून माळ्यावरून वॉकर काढला, पुसला. साचा अजून पिशवीतच होता. म्हटलं, उठा आता, कागद आला. संपलं.

ते म्हणाले, "दार लावलं का?"

लावलं म्हटलं.

वॉकर धरून उठले. उजव्या पायावर उभे राहिले, डावा पाय खाली सोडला. बोटं टेकली. टाच टेकली नाही. मी म्हटलं, आता कोणी नाही, नीट टेकवा. त्यांनी जोर लावला, वॉकर खडखडला. मी चिडून म्हटलं, आता कशाला, आता कोणाला दाखवता? मला खरंच तसं वाटलं, सपना. पंधरा महिने मीच शिकवलेलं, मला ते वेगळं ओळखता येईना.

ते हळू आवाजात म्हणाले, "पोर्णिमा, म्या नाटक नाई करून राह्यलो. बोर्डातबी नव्हतो करत."

मी खाली बसले. गळ्यात मापाची टेप होती, ती काढून टाच आणि फरशीमधलं अंतर मोजलं. सव्वादोन इंच. साचा घालून पाहिला, पाऊल आत जात नाही. ते वरून विचारत होते, "किती हाय?" मी अर्धा इंच सांगितलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

आता ऐक. पगार सुरू होईल, त्यालाही तहसीलची बैठक व्हावी लागते, गोविंदसिंग भाऊ म्हणतात वाट पाहा. पाहीन. तीन वर्षांनी पुन्हा बोलावतील, तेव्हा हे चालत गेले तर कागद जाईल. आज सकाळपासून मी स्वतःला विचारते आहे की जाऊ देशील का, आणि जाऊ देईन असं अजूनही पक्कं म्हणवत नाही. म्हणून घाईने लिहिते आहे, मन बदलायच्या आत पोस्टात टाकते.

तू ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या हातचं खाऊ नकोस, मोतीबाईकडे उतर. पण सकाळी अंगणात ये. अडतीसचा जुना कागद मी मशीनच्या खणात ठेवला आहे, तुझ्या पत्त्याच्या चिटोऱ्याबरोबर. मला तेवढेच टक्के परत आणून दे.

आज मी दार उघडलं आणि ह्यांना उंबऱ्यापाशी, वॉकर धरून, सगळ्या गल्लीसमोर उभं केलं आहे. पाच मिनिटं झाली. समोरून लोक जात आहेत. मी त्यांचा शर्ट धरलेला नाही.

सव्वादोन इंच खाली यायला किती दिवस लागतात, ते तेवढं कळव.

तुझी वहिनी
पौर्णिमा